अक्काच्या हातचं पाणी

दि. ३ जून

चि. बाळ यास,
अ. उ. आ.

तुझं पत्र मिळालं. वहिनी आता काठीशिवाय जिना चढते हे वाचून जिवाला बरं वाटलं. इकडची हकिकत मात्र सांगावीशी वाटत नाही, पण तुला नाही तर कोणाला सांगू?

ह्यांच्या दोन्ही किडन्यांनी आता हात टेकले आहेत. डॉक्टरांनी परवा समोर बसवून स्पष्टच सांगितलं की गोळ्यांचं काम संपलं, आता दोनच वाटा आहेत. एक म्हणजे इस्पितळात जाऊन मशीनवर रक्त स्वच्छ करून घ्यायचं, तेही आठवड्यातून तीनदा. ते एकदा करून पाहिलं. ह्यांचं हृदय मुळात कमजोर. मशीनवर घेतल्याबरोबर रक्तदाब असा खाली आला की ह्यांनी डोळे फिरवले. दुसरी वाट घरच्या घरी. पोटात एक मऊ नळी बसवतात. तिच्यातून औषधी पाणी पोटात सोडायचं, काही तास तसंच ठेवायचं, अंगातली घाण त्यात उतरते, मग ते काढून नवं भरायचं. दिवसातून चार वेळा. करणारं माणूस घरचं लागतं. त्याला इस्पितळात शिकवतात, परीक्षा घेतात आणि पास झालं तरच पिशव्या घरी देतात.

घरचं माणूस म्हणजे मी. आम्हाला तिसरं आहेच कोण? मी तोंड उघडायच्या आत हे डॉक्टरांना म्हणाले की ही करील. बाळ, नळीच्या तोंडाला नुसतं बोट लागलं तरी जंतू सरळ पोटात जातात म्हणे. आणि तू मला ओळखतोस. फ्यूज उडाला तर हे घरी येईपर्यंत अंधारात बसून राहणारी मी. बँकेत सही करतानासुद्धा ह्यांच्याकडे बघते. माझ्या हातून ह्यांचं काही बरंवाईट झालं तर मी कोणत्या तोंडानं जगू? सोमवारपासून वर्ग सुरू होतोय. देवावर हवाला.

वहिनीला सांग, गुडघ्याला तेल लावायला विसरू नको. तुमची माया आहे तशीच राहू दे.

तुझी,
अक्का

---

दि. ११ जून

ती. अक्कास,
शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र वाचून जेवण गेलं नाही. लगेच लिहायला बसलो आहे, तेव्हा अक्षराला नावं ठेवू नकोस.

हे घरी करायचं खूळ डोक्यातून काढून टाक. भाऊजींना घेऊन सरळ इकडे ये. आमच्या घरापासून चालत जाण्याइतक्या अंतरावर मोठं इस्पितळ आहे, हृदयाचे डॉक्टर तिथेच बसतात. मागची खोली हिने रिकामीसुद्धा करून टाकली आणि माझी व्यायामाची सायकल गच्चीवर गेली, याबद्दल मी तुझे आभारच मानतो.

अक्का, रागावू नकोस, पण भाऊजींनी अर्ध्या शहराला मोटार शिकवली आणि एका माणसापुढे हरले. ती तू. आठवतं ना, मैदानात मधोमध उभ्या असलेल्या एकाच एक झाडाकडे तू गाडी नेलीस आणि तू काही करायच्या आत भाऊजींनी त्यांच्या बाजूचा ब्रेक दाबला? तेव्हापासून तू गाडीत मागेच बसतेस. थट्टा बाजूला ठेवतो. हे काम नर्सचं आहे, ते तुझ्या गळ्यात मारणं मला पटत नाही. जे आपल्याला झेपत नाही ते नाही म्हणण्यात कमीपणा नसतो. भाऊजींना मी समजावीन.

कधी निघता ते कळव. ही नमस्कार सांगते. आमच्यावर रागवायचं असेल तर इथे येऊन रागव.

तुझा,
बाळ

---

दि. २० जून

चि. बाळ यास,
अ. उ. आ.

तुझं पत्र ह्यांना वाचून दाखवलं. झाडाचा भाग आला तेव्हा इतके हसले की टाक्यांवर हात धरावा लागला. नळी बसवून झाली, जखम चांगली भरते आहे.

वर्ग म्हणजे इस्पितळाची जुनी सामानाची खोली. एक पलंग, पिशवी टांगायचा उंच स्टँड, भिंतीला लांब दांड्याच्या नळाचं बेसिन. नळ कोपराने उघडायचा आणि कोपरानेच बंद करायचा. एका रबरी एप्रनला पोटाच्या जागी नळी शिवली आहे, तो पलंगावरच्या उशीला बांधून आम्ही सराव करतो. आम्ही म्हणजे मी, आईसाठी आलेला एक शिंपी आणि बायकोसाठी आलेले एक हिशेबनीस. शिकवणारी सिस्टर लहान चणीची, आवाज कधी चढत नाही. तिची एक तऱ्हा मला आवडली. सगळं सुरळीत चाललेलं असताना ती मुद्दाम नळीचं टोक खाली पाडते आणि विचारते की आता काय करणार. का पाडलं, कोणी पाडलं, हे विचारायचंच नाही. आता काय, एवढंच बोलायचं.

आणि ऐक, माझं चांगलं चाललंय! खिडकी बंद, पंखा बंद, तोंडाला मास्क, हात कोपरापर्यंत धुवायचे, जुनं पाणी काढायचं, मग नवं सोडायचं, नवं टोपण लावायचं. काढलेल्या पाण्याच्या पिशवीखाली छापील कागद धरायचा. अक्षरं वाचता आली म्हणजे पाणी स्वच्छ. गढूळ दिसलं तर पोटात जंतू शिरले समजायचं आणि तडक इस्पितळ गाठायचं. हे समोरच्या खुर्चीत बसलेले असतात. काल सिस्टर म्हणाली की माझी एकही पायरी चुकली नाही. तेव्हा तुझी सायकल गच्चीवरून खाली आण.

परीक्षा गुरुवारी. वहिनीला आशीर्वाद. दोघांनी मनात माझी आठवण ठेवा.

तुझी,
अक्का

---

दि. २८ जून

चि. बाळ यास,
आशीर्वाद.

माझं पत्र बघून दचकू नकोस, मी ठीक आहे. तुझी अक्का मात्र तीन दिवस माझ्याशी बोलत नाही, म्हणून कोणाशी तरी बोलावं म्हणून लिहितोय.

ती नापास झाली आणि त्याला कारण मी आहे. वर्गात मी समोर बसत असे. तिला पुढची पायरी आठवेना की माझं बोट आपोआप खुर्चीच्या हातावर वाजायचं. एक टिचकी म्हणजे खिडकी, दोन म्हणजे हात धुणं, असं काहीसं आपलं ठरून गेलं. कोणी ठरवलं नाही, ठरलं. शिकाऊ माणसाला मी गाडीतही असंच डॅशबोर्डवर वाजवून सांगायचो. गुरुवारी ऐन परीक्षेच्या वेळी सिस्टरने मला वजन करायला पाठवून दिलं. तिला आधीच संशय आला असणार. मी परत आलो तर ही बेसिनपाशी ओले हात वर धरून उभी, आणि पुढे काय करायचं ते तिला ठाऊक नाही. नळी, पिशव्या ती शिकलीच नव्हती. ती माझ्या टिचक्या शिकली होती.

सिस्टर हिला एका शब्दाने बोलली नाही. मला बाहेर घेऊन गेली आणि विचारलं की तुम्हाला ग्लानी आली, तुमची शुद्ध हरपली, त्या दिवशी तुमच्या पोटातलं पाणी कोण बदलणार? सोमवारपासून मी बाहेरच्या बाकावर बसायचं असं ठरलं आहे. बाळ, आयुष्यभर दुसऱ्याच्या चुकीच्या आधी माझा पाय ब्रेकवर गेला. त्यामुळे माणसं वाचली हे खरं. पण मोटार चालवायला जी नीट शिकली, ती बहुतेक मला सोडून गेल्यावर शिकली असावीत.

आम्हाला न्यायला येण्याची घाई करू नकोस. मला मशीनवर परत जायचं नाही. तिथे मी तिच्या डोळ्यांदेखत जाईन, हे मला आतून कळतंय. पण हे तिला सांगू नकोस, नाहीतर तिचे हात आणखी कापतील.

तुझा जिव्हाळा असाच राहो.

तुझे,
भाऊजी

---

दि. १४ जुलै

चि. बाळ यास,
अ. उ. आ.

तू गाडी ठरवल्याचं कळलं. ती रद्द कर. मी काल पास झाले.

झालेला प्रकार ह्यांनी तुला कळवलाच आहे, तेव्हा मी माझी लाज दोनदा काढत नाही. ह्यांच्यावर रागावले होते, त्याहून जास्त स्वतःवर. पुन्हा पहिल्यापासून बसले. पहिले दोन दिवस बाहेरच्या बाकाकडे सारखी मान वळायची. मग शिंप्याने एक गोष्ट सांगितली. तो कापड बेतताना प्रत्येक गोष्ट तोंडाने पुटपुटतो, म्हणजे कात्री मनाच्या पुढे धावत नाही. मीही मास्कच्या आत पुटपुटायला लागले. आपलाच आवाज आपल्याला सांगतोय, ही चीज मला नवी होती. परीक्षेत सिस्टरने नळीचं टोक पाडलं. मी चिमटा लावला, पाणी सोडलं नाही, नळी बदलून घ्यायला हवी असं सांगितलं आणि तिच्याकडे न बघता उभी राहिले. ती हसली असावी, मास्कमुळे दिसलं नाही.

आज घरी पहिल्यांदा केलं. हे भिंतीकडे तोंड करून पडून राहिले, हात पांघरुणात. पाणी उतरायला लागलं तेव्हा मी रडले. डोळे पुसता येईनात, कारण हात धुतलेले! ह्यांनी विचारलं काय झालं, मी सांगितलं काही नाही, तुम्ही भिंतीकडेच बघा.

वहिनीने खोली रिकामी केली त्याबद्दल तिला माझा खास आशीर्वाद कळव. आमच्यावर तुमची पाखर आहेच.

तुझी,
अक्का

---

दि. २ ऑक्टोबर

चि. बाळ यास,
अ. उ. आ.

लिहायला उशीर झाला, हात चालत नव्हता. आम्ही आठ दिवस इस्पितळात होतो. आता घरी आहोत, हे बरे आहेत, पण मी बरी नाही.

त्या दिवशी दुपारी ह्यांना थंडी वाजून ताप भरला आणि पोट दुखायला लागलं. मला भलत्याच नावाने हाक मारायला लागले. पाणी काढलं तर पिशवी ताकासारखी. खाली कागद धरला, एक अक्षर दिसेना. शेजारच्या काकू म्हणाल्या की तापाची गोळी द्या, उद्या बघू. मी इस्पितळात फोन केला, रिक्षा बोलावली, ती पिशवी बरोबर घेतली आणि ह्यांना नेलं. ताप कधीचा, पोट कुठे दुखतंय, पाणी कधीपासून गढूळ, सगळं सांगितलं. त्यांनी लगेच औषध सुरू केलं.

पण बाळ, जंतू आकाशातून पडले नाहीत. घरात आम्ही दोघंच. ह्यांच्या पोटात ते माझ्याच हातांनी गेले. इस्पितळात सगळं नर्स करायच्या, मी दूर उभी राहायचे. घरी आल्यापासून पिशवी बदलायला सिस्टरने तिच्या हाताखालची एक मुलगी पाठवली आहे, तीही पुढच्या रविवारपर्यंतच. काल मी प्रयत्न केला. साबण लावला आणि तशीच बेसिनपाशी बसले. हे नुसते बघतात. तू बरोबर होतास. हे माझं काम नव्हतं. गाडी घेऊन ये आणि आम्हाला घेऊन जा. मशीन तर मशीन. निदान माझ्या हातून तरी जाणार नाहीत.

लवकर ये.

तुझी,
अक्का

---

दि. ५ ऑक्टोबर

ती. अक्कास,
शि. सा. न. वि. वि.

हे पत्र मी तुमच्याकडे निघालेल्या एका ओळखीच्या माणसाहाती पाठवतोय, म्हणजे रविवारच्या आत मिळेल. फोनवर मला हे नीट बोलता आलं नसतं, आणि तू रडली असतीस तर मी सगळं विसरलो असतो.

तुझं पत्र आल्यावर मी गाडी सांगून आलो. खरंच आलो. खोली झाडून घेतली. मग हिने पत्र पुन्हा वाचायला मागितलं आणि वाचून मला विचारलं की गढूळ पाणी कोणी ओळखलं? काकूंचं कोणी ऐकलं नाही? पिशवी बरोबर कोणी नेली? मग ती म्हणाली की आपण अक्कांना जूनपासून एकच सांगत आलो की तुम्हाला जमणार नाही. त्यांनी ते ऐकलं असतं तर ह्या वेळी त्यांनी तापाची गोळी देऊन उद्याची वाट बघितली असती.

मला ते झोंबलं. अक्का, मी तुझी काळजी करत होतो असं मला वाटत होतं. आता वाटतं, भाऊजींचा एक ब्रेक होता आणि दुसरा मी बसवला.

भाऊजींनी मला जूनमध्ये एक गोष्ट लिहिली होती आणि तुला सांगू नको म्हणाले होते. आज सांगतो. त्यांना मशीनवर जायचं नाही. तिथे आपण टिकणार नाही असं त्यांना वाटतं. तुझ्या हातांची भीती त्यांना नाही, ती तुला आहे.

म्हणून माझी विनंती एवढीच. सिस्टरला घरी बोलाव आणि तिच्यासमोर सगळं करून दाखव. चूक कुठे आहे ते बघू दे. त्यानंतरही तू ये म्हणालीस तर मी त्याच दिवशी निघेन, एक प्रश्न विचारणार नाही. गाडीवाल्याला थांबवून ठेवलं आहे. पण तू बघून घेतल्याशिवाय मी निघणार नाही.

माझ्यावर चिडलीस तरी चालेल. चिडल्यावर तू पत्र लांब लिहितेस.

तुझा,
बाळ

---

दि. १२ ऑक्टोबर

चि. बाळ यास,
अ. उ. आ.

चिडलेच होते. पत्र फाडायला घेतलं होतं. मग ह्यांच्याकडे गेले आणि विचारलं की मशीनबद्दल बाळ लिहितो ते खरं का. हे हो म्हणाले. नंतर मी सिस्टरला फोन केला.

ती शनिवारी आली. कोपऱ्यातल्या स्टुलावर बसली, हाताची घडी घालून, आणि मला म्हणाली की मी इथे नाहीच असं समजून करा. मी खिडकी लावली, पंखा बंद केला, मास्क बांधला, पुटपुटत हात धुतले, स्वच्छ रुमालाने कोरडे केले. पलंगापाशी आले. तिथे तिने मला थांबवलं आणि विचारलं की आत्ता तुम्ही काय केलंत. मला कळेना. मी काहीच केलं नव्हतं. तिने पुन्हा पहिल्यापासून करायला सांगितलं, आणि त्याच जागी पुन्हा थांबवलं. तेव्हा माझं मला दिसलं. हात धुऊन आल्यावर, नळी धरायच्या आधी, मी ह्यांच्या खांद्यावरचं पांघरूण वर सारत होते. लग्न झाल्यापासून जाता-येता करते आहे, मला कळतही नाही. ह्यांनाही कळलं नाही, आणि ह्यांना तर जगातली प्रत्येक चूक दिसते! एप्रन बांधलेल्या उशीला मी पांघरूण घालत नव्हते, म्हणून वर्गात ते कधी घडलं नाही.

सिस्टर म्हणाली, जंतू त्यातूनच गेले असं छातीठोक सांगता येत नाही, नीट करणाऱ्यांच्याही वाट्याला हे येतं. पण जाऊ शकतात. तेव्हा पांघरूण आधी सारायचं, हवं तेवढं सारायचं, आणि मग हात धुवायचे. झालं. मी केवढा मोठा गुन्हा शोधत होते आणि निघालं ते एवढंसं. मी पुन्हा हात धुतले आणि तिथेच तिच्यासमोर पुढचं सगळं केलं. एकही पायरी चुकली नाही.

गाडीवाल्याला घरी पाठव. वहिनीला सांग, तिचे तीन प्रश्न मी पाठ केले आहेत. तुम्ही दोघं माझ्या पाठीशी असेच उभे राहा.

तुझी,
अक्का

---

दि. १७ मार्च

चि. बाळ यास,
अ. उ. आ.

ह्यांना जाऊन दोन महिने होत आले. तू इथे होतास तेव्हा बोलणं झालं नाही, घर माणसांनी भरलेलं. तुझं पत्र परवा आलं. तू लिहितोस की स्वतःला दोष देऊ नको, आणि आता एकटी राहू नको, खोली तयार आहे.

खोलीचं आधी सांगते. उन्हाळ्यात येईन, महिनाभर राहीन, वहिनीचा संसार बिघडवीन आणि परत येईन. घर रिकामं वाटतं, दुपारी चारच्या सुमाराला पाय आपोआप बेसिनकडे वळतात, रडू येतं. ते येणारच. तेवढ्यासाठी घर सोडायला नको.

दोषाचं म्हणशील तर, त्या दिवसांत येणाऱ्यांपैकी प्रत्येकाने मला विचारलं की घरीच करत होता ना तुम्ही? विचारायची पद्धत तुला माहीत आहे. पूर्वी मी उत्तरासाठी ह्यांच्याकडे बघितलं असतं. मी सांगितलं की ऑक्टोबरनंतर पोटात एकदाही जंतू शिरले नाहीत, सकाळचं पाणी स्वच्छ होतं, आणि हृदय बंद पडलं. डॉक्टरांनीही हेच सांगितलं. पण त्यांनी सांगायच्या आधी मला ते माहीत होतं, हे मी तुलाच सांगू शकते. मी रडते ती हे नाहीत म्हणून. माझ्या हातून गेले म्हणून नाही. बाळ, हा फरक किती मोठा आहे, ते मला सांगता येत नाही.

मागच्या मंगळवारी सिस्टरने बोलावलं. नवा वर्ग बसला होता, दोन शब्द बोला म्हणाली. मी काय बोलणार, साबण कसा लावायचा ते दाखवलं. मागे एक घरं रंगवणारा माणूस बसला होता, आईसाठी आलेला. दोन्ही हात मांड्यांखाली दाबून. सगळं ऐकून घेतल्यावर त्याने मला विचारलं की तुमचे यजमान आता कसे आहेत.

सिस्टर पिशव्या आवरायला वाकली. तिला वाटलं असणार, मला बोलावून चूक झाली. क्षणभर मलाही वाटलं की बरे आहेत म्हणून टाकावं, नाहीतर त्या पोराचा धीर खचेल. मग मी त्याला सांगितलं की ते जानेवारीत वारले, हृदयाने. त्या सकाळपर्यंत त्यांच्या पोटातलं पाणी मी बदललं, आणि नीट बदललं. आणि पुन्हा कोणासाठी शिकायची वेळ आली तर उद्या इथेच पहिल्या बाकावर येऊन बसेन.

त्याने माझ्या हातांकडे बघितलं. मग मांड्यांखालून हात काढले, उठला, बेसिनपाशी गेला आणि बाह्या वर सारायला लागला.

तुम्हा दोघांना माझे आशीर्वाद, आणि तुमची माया मला पुरते आहे हे विसरू नका.

तुझी,
अक्का